वेबसाइटचे सर्टिफिकेट: अठरा हजारांचे की फुकटचे?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीजवळ तुमची हापूसची बाग आहे आणि दोन हंगामांपासून तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकता. साइट करून देणाऱ्याने आता तीन भाव सांगितले आहेत: फुकटचे सर्टिफिकेट, चार हजारांचे आणि अठरा हजारांचे. "पैसे घेणाऱ्या साइटला महागातलेच लागते," असेही तो म्हणाला. तुमचे यजमान सरकारी कामांची कंत्राटे घेतात, त्यांच्याकडे ई-निविदेवर डिजिटल सही करायला घेतलेले डोंगल आहे. तेच इथे चालणार नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. फुकटचे घ्या. मात्र मुदत संपण्याआधी ते आपोआप नवे होते की नाही हे स्वतः पाहा, आणि साइटचे नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या स्वतःच्या खात्यात आहे का तेही पाहा. गेली पंधराएक वर्षे मी लहानमोठ्या साइटींचे सर्व्हर, म्हणजे साइट जिथून चालते ती यंत्रे, सांभाळतो आहे. सर्टिफिकेटचा प्रकार चुकला म्हणून कोणाचा धंदा बसलेला मी पाहिला नाही. सर्टिफिकेट कोण सांभाळतो हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून ऐन हंगामात साइट बंद पडलेली मात्र अनेकदा पाहिली आहे.

हे सर्टिफिकेट नेमके काय करते ते आधी पाहू, म्हणजे अठरा हजारांत काय मिळते आणि काय मिळत नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल.

तुमच्या सर्व्हरवर किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त किल्ली, जी सर्व्हरच्या बाहेर कधीच जाऊ नये, आणि दुसरी जाहीर किल्ली, जी कोणालाही दिली तरी चालते. सर्टिफिकेट म्हणजे एक दाखला: "ही जाहीर किल्ली अमुक नावाच्या साइटची आहे आणि हा दाखला अमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे." त्यावर एका मान्यताप्राप्त संस्थेची डिजिटल सही असते. तलाठ्याच्या सहीमागे तहसीलदार असतो आणि त्याच्यामागे जिल्हाधिकारी, तशीच इथेही सह्यांची साखळी असते. तुमच्या दाखल्यावर मधल्या संस्थेची सही, तिच्यावर मूळ संस्थेची. या मूळ संस्थांची यादी प्रत्येक ब्राउझर किंवा फोन आपल्याजवळ बाळगून असतो. साखळी त्या यादीपर्यंत पोचली, नाव जुळले आणि तारीख उलटलेली नसली, की ब्राउझर मुकाट्याने पान उघडतो. यातले काही चुकले की लाल इशारा येतो, आणि तो पाहून गिऱ्हाईक निघून जाते.

ओळख पटली की मग तुमचा सर्व्हर आणि गिऱ्हाइकाचा फोन आपापसात एक ताजी, तेवढ्या भेटीपुरतीच किल्ली ठरवतात आणि पुढचे सगळे बोलणे तिने कुलूपबंद होते. गिऱ्हाइकाचा पत्ता, मोबाइल नंबर, ऑर्डर वाटेत कोणाला वाचता येत नाही. हे कुलूप किती मजबूत असेल हे सर्व्हरची मांडणी आणि ब्राउझर मिळून ठरवतात, सर्टिफिकेटची किंमत ते ठरवत नाही. जाहिरातीत "२५६ बिट सुरक्षा" असे ठळक छापतात, पण तीच सुरक्षा फुकटच्या सर्टिफिकेटवरही तशीच्या तशी मिळते. बाजारात याला अजून "एसएसएल" म्हणतात. खरे तर एसएसएल हे नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातले, १९९५ च्या सुमाराचे तंत्र. १९९९ मध्ये त्याची जागा टीएलएस या सुधारित तंत्राने घेतली आणि टीएलएसची १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली. सर्व्हरवर टीएलएस १.२ आणि १.३ चालू असावे, त्याआधीचे सगळे बंद असावे. अठरा हजारांच्या सर्टिफिकेटपेक्षा या एका गोष्टीने सुरक्षेत जास्त फरक पडतो.

मग वेगळी किंमत कशाची? दाखला देण्याआधी संस्था किती चौकशी करते, त्याची.

डोमेन व्हॅलिडेशन, म्हणजे डीव्ही, यात एवढेच तपासतात की मागणारा त्या डोमेनचा ताबा राखून आहे. संस्था एक सांकेतिक मजकूर देते. तो साइटवर ठरावीक जागी ठेवायचा किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये (कोणते नाव कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या यादीत) नोंदवायचा. त्यांचे यंत्र तो पाहून घेते आणि मिनिटभरात सर्टिफिकेट हातात येते. फुकटचे आणि स्वस्तातले सगळे याच जातीचे. तुमच्या यादीतले चार हजारांचे बहुधा डीव्हीच असेल. तसे असेल तर ते आणि फुकटचे यांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन, म्हणजे ओव्ही, यात संस्थेची नोंदणी, पत्ता आणि फोन पडताळतात आणि संस्थेचे नाव सर्टिफिकेटात लिहितात. एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन, म्हणजे ईव्ही, यात हीच चौकशी अधिक खोल असते. तुम्हाला अठरा हजार सांगितले ते बहुधा याचेच. एकेकाळी ईव्हीला खरोखर दिसणारा फायदा होता. ब्राउझरच्या पट्टीत कंपनीचे नाव हिरव्या अक्षरांत उमटायचे. बँकांच्या साइटींवर तुम्ही ते पाहिले असेल. २०१९ च्या सप्टेंबरात क्रोमने ती हिरवी पट्टी काढली, पुढच्याच महिन्यात फायरफॉक्सनेही. आज ते नाव वाचायचे तर दोन-तीन ठिकाणी टिचकी मारून आत जावे लागते. आंबे मागवणारे कुठलेच गिऱ्हाईक तिथे जात नाही.

पट्टी का काढली यामागचे एक उदाहरण आम्हा लोकांत नेहमी निघते. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने अमेरिकेच्या केंटकी राज्यात "स्ट्राइप, इंक" नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि त्या नावाचे ईव्ही सर्टिफिकेटही रीतसर मिळवले. ऑनलाइन पैसे हाताळणारी प्रसिद्ध स्ट्राइप वेगळी, तिची नोंदणी डेलावेअर राज्यातली. दोन राज्यांत एकाच नावाच्या दोन कंपन्या असणे कायदेशीर आहे, त्यामुळे कोणी खोटे काहीच बोलले नव्हते. तरीही पट्टीत दोन्हींचे नाव सारखेच दिसत होते. ज्या खुणेवर लोकांनी भरवसा ठेवायचा, ती खूणच संदिग्ध निघाली. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्यातली मेख तुमच्या धंद्यालाही लागू आहे. "रत्नागिरी हापूस" हे शब्द नावात असलेली फर्म उद्या कोणीही नोंदवू शकते.

आता "पैसे घेणाऱ्या साइटला महागातलेच लागते" या वाक्याकडे येतो. हे खरे नाही. तुमच्या साइटवर पैसे देताना गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर किंवा थेट यूपीआय ॲपवर जाते. कार्डाचा नंबर तुमच्या सर्व्हरवर येतच नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने तो साठवून ठेवायलाही बंदी आहे. कार्ड व्यवहारांची जी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानके आहेत, त्यांत वाहतूक भक्कम कुलूपबंद असावी अशी अट आहे. ओव्ही किंवा ईव्हीच हवे अशी अट नाही. साइट करणाऱ्याने हे अजाणतेपणीही सांगितले असेल. दहा वर्षांपूर्वी आमच्यापैकी बरेच जण हेच सांगत होते.

एक गोष्ट मात्र तुम्हीही पक्की लक्षात ठेवा आणि गिऱ्हाइकांनाही सांगा: कुलूप दिसते म्हणजे साइट प्रामाणिक आहे असे नव्हे. पेटीचे सील शाबूत आहे याचा अर्थ वाटेत कोणी पेटी उघडली नाही एवढाच. आत देवगड आहे, रत्नागिरी आहे की दुसऱ्या राज्यातला आंबा, हे सील सांगत नाही. फसवणूक करणाऱ्यालाही स्वतःच्या खोट्या डोमेनचे डीव्ही सर्टिफिकेट दोन मिनिटांत मिळते. हा गैरसमज इतका पसरला की २०२३ मध्ये क्रोमने पट्टीतले कुलपाचे चित्रच काढून टाकले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने या दुखण्यावर वेगळा उपाय केला. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "बँक डॉट इन" ने संपणाऱ्या पत्त्यावर जावे, असा आदेश दिला आणि असे पत्ते देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे सोपवले. बँकेची ओळख आता सर्टिफिकेटातल्या नावापेक्षा डोमेनच्या शेपटावरून पटवायची, असा त्याचा अर्थ. तुमच्यासाठी असे राखीव शेपूट नाही. म्हणून अठरा हजारांतले थोडे पैसे वेगळ्या कामाला लावा. तुमच्या नावाच्या जवळपासची दोन-तीन स्पेलिंगे विकत घेऊन ती मूळ साइटवर वळवा, आणि पेटीवरच्या छापील कागदावर साइटचा पत्ता ठळक लिहा. तुमच्या गिऱ्हाइकाला खरी ओळख तिथून पटेल.

दुसरे कोणी तुमच्याच डोमेनच्या नावाने दाखला काढला तर? याची भीती खोटी नाही, असे घडलेले आहे. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजीनोटार या दाखले देणाऱ्या संस्थेत चोर शिरले, त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे सर्टिफिकेट काढले आणि ते इराणमधल्या लोकांची टपाले वाचायला वापरले गेले. डिजीनोटारचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. आपल्या देशातही जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या दाखले देणाऱ्या यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाली. एनआयसीची दाखले देण्याची परवानगी काढून घ्यावी लागली, आणि क्रोमने भारत सरकारच्या मूळ सर्टिफिकेटवरचा भरवसा ठरावीक भारतीय डोमेनांपुरता मर्यादित केला. अशा घटनांतून एक चांगली व्यवस्था उभी राहिली. आता सार्वजनिक विश्वासाचे प्रत्येक सर्टिफिकेट उघड्या नोंदवह्यांत लिहिले जाते. एप्रिल २०१८ नंतर दिलेले आणि अशा वहीत नसलेले सर्टिफिकेट क्रोम मानतच नाही. "सीआरटी डॉट एसएच" या साइटवर तुमच्या डोमेनचे नाव टाका, आजवर त्या नावाने निघालेले सगळे दाखले दिसतील. न ओळखीचा एखादा दिसला तर विचारणा करा. डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंदही करता येते: "माझ्या डोमेनला फक्त अमुक संस्थेनेच दाखला द्यावा." २०१७ पासून ही नोंद तपासणे सगळ्या संस्थांवर बंधनकारक आहे. करायला सोपी आणि फुकट. फक्त पुढे होस्टिंग, म्हणजे साइट ठेवण्याची भाड्याची जागा, बदलले तर ही नोंदही बदलायची आठवण ठेवा. नाहीतर नवे होस्टिंग दुसऱ्या संस्थेकडे दाखला मागते, ती संस्था नकार देते आणि कारण काही कोणाच्या ध्यानात येत नाही.

नावांबद्दल थोडेसे. एका सर्टिफिकेटात एक किंवा अनेक नावे असू शकतात. "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू"सह आणि त्याशिवाय अशी दोन्ही नावे त्यात हवीतच. एक सुटले तर निम्म्या गिऱ्हाइकांना इशारा दिसतो आणि तुम्हाला स्वतःला दिसत नाही. पुढेमागे "शॉप" किंवा "ब्लॉग" असे पोटपत्ते काढणार असाल तर वाइल्डकार्ड हा प्रकार सुचवला जाईल, ज्यात नावाच्या जागी तारा असतो आणि त्या एका पातळीवरचे सगळे पोटपत्ते त्यात येतात. मूळ डोमेन त्यात आपोआप येत नाही, ते वेगळे लिहावे लागते. पोटपत्त्याच्या आतला पोटपत्ताही त्यात बसत नाही. वाइल्डकार्ड फुकटातही मिळते, लेट्स एनक्रिप्ट ही फुकट दाखले देणारी संस्था २०१८ पासून देते आहे, पण त्याला डीएनएसची पडताळणी लागते. माझे मत विचाराल तर लहान धंद्याला वाइल्डकार्ड नको. एकच गुप्त किल्ली चार सर्व्हरवर पसरते आणि एका ठिकाणी फुटली की चारही ठिकाणी धोका. प्रत्येक पोटपत्त्याला वेगळे फुकट सर्टिफिकेट मिळत असताना ती जोखीम कशाला? देवनागरीतले डोमेन, म्हणजे शेवटी ".भारत" असलेले, हा मार्गही २०१४ पासून खुला आहे. त्यालाही हीच सर्टिफिकेटे चालतात. फक्त दाखल्यात ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात दिसते, त्याने गोंधळू नका.

आता मुदतीचे. सगळ्यात जास्त पैसे आणि झोप इथेच जाते.

पूर्वी पाच-पाच वर्षांची सर्टिफिकेटे मिळत. मग ती तीन वर्षांवर आली, २०१८ मध्ये ८२५ दिवसांवर आणि सप्टेंबर २०२० मध्ये ३९८ दिवसांवर. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि दाखले देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. तुमचा आंब्याचा हंगामही त्याहून लांब असतो, ताई. कारण सरळ आहे. एकदा दिलेला दाखला मुदतीआधी रद्द केला तरी ती बातमी सगळ्या फोनांपर्यंत भरवशाने पोचत नाही. डोमेन विकले गेले, तरी जुन्या मालकाकडचा दाखला जिवंत राहतो. मुदत आखूड ठेवली की चुकीचा दाखला आपोआप लवकर मरतो.

म्हणून कोणी "तीन वर्षांचे सर्टिफिकेट एकदम घ्या, स्वस्त पडेल" असे म्हणाले तर समजून घ्या: तीन वर्षांचे सर्टिफिकेट अस्तित्वात नाही. तुम्ही तीन वर्षांची वर्गणी भरता, आणि दर काही महिन्यांनी नवा दाखला काढून सर्व्हरवर बसवण्याचे काम कोणीतरी करावेच लागते. ४७ दिवसांच्या मुदतीत हे वर्षाला आठ-नऊ वेळा येईल. हाताने करायचे तर एखादी वेळ चुकणार हे ठरलेले. लेट्स एनक्रिप्टने डिसेंबर २०१५ मध्ये काम लोकांसाठी खुले केले, तेव्हाच मुदत ९० दिवसांची ठेवली आणि नूतनीकरण यंत्रानेच करायचे अशी रीत घालून दिली. तेव्हा मला ती फार जाचक वाटली होती. आता वाटते, त्यांनी आम्हाला वेळेवर वळण लावले.

आपोआप म्हटले तरी डोळे मिटून बसायचे नसते, हे मी नुकसान सोसून शिकलो. पैठण्या विकणाऱ्या एका दुकानाची साइट माझ्याकडे होती. नूतनीकरण यंत्रावर, सगळे व्यवस्थित. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सकाळी मालकीणबाईंचा फोन आला: "साइट धोकादायक आहे असं दाखवतंय, गिऱ्हाइकं विचारतायत." झाले होते ते असे. महिनाभरापूर्वी कोणीतरी "सुरक्षेसाठी" म्हणून सर्व्हरचे ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे एक दार, बंद केले होते. साइट ४४३ क्रमांकाच्या दारावर चालत असल्याने कोणाला काही जाणवले नाही. पण फुकटच्या सर्टिफिकेटची नेहमीची पडताळणी ८० वरूनच होते. यंत्र रोज दोनदा प्रयत्न करत होते, रोज दोनदा नापास होत होते आणि त्याच्या सूचना नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर जात होत्या. पोर्ट उघडून नवा दाखला काढायला मला दहा मिनिटे लागली. पण सकाळपासून परत गेलेली गिऱ्हाइके परत आली नाहीत. ती साइट माझ्या जबाबदारीत होती आणि वर्षभरात एकदाही मी बाहेरून मुदत तपासली नव्हती. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक साइटची मुदत मी सर्व्हरच्या बाहेरून तपासतो, आणि वीस दिवसांपेक्षा कमी उरले की फोनवर संदेश येतो. लेट्स एनक्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याच्या ईमेल पाठवत असे, जून २०२५ पासून ते बंद झाले आहे. तेव्हा ही राखण आपली आपणच करायची.

असाच आणखी एक फसवा प्रकार. नवे सर्टिफिकेट सर्व्हरच्या डिस्कवर येऊन पडते, पण वेब सर्व्हरला ते पुन्हा वाचायला कोणी सांगत नाही. तो जुनेच आठवणीत धरून बसतो. फाइल उघडली तर तारीख नवी, साइट उघडली तर जुनी. म्हणून तपासणी नेहमी ब्राउझरमधून करावी, फाइल पाहून नव्हे.

साखळीचे दुखणे तर याहून फसवे. सर्व्हरने तुमच्या दाखल्याबरोबर मधल्या संस्थेचा दाखलाही पाठवायचा असतो. विकत घेतलेले सर्टिफिकेट हाताने बसवताना तो हमखास राहतो. लॅपटॉपवरचा ब्राउझर पुष्कळदा तो मधला दुवा स्वतःच शोधून घेतो, त्यामुळे तुम्हाला साइट ठणठणीत दिसते. पण पेमेंट गेटवेचा सर्व्हर जेव्हा तुमच्या साइटला "पैसे मिळाले" असे कळवायला येतो, तेव्हा तो असली शोधाशोध करत नाही, तो परत फिरतो. मग गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले आणि तुमच्याकडे ऑर्डर "प्रलंबित". असे झाले की लोक तासन्‌तास गेटवेशी भांडतात आणि चूक असते आपल्या दाराशी. एसएसएल लॅब्जची फुकट चाचणी लावली की साखळी अपुरी असल्याचे ती स्पष्ट सांगते.

गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये क्लाउडफ्लेअरसारखी मध्यस्थ सेवा असेल तर तिची एक मांडणी नक्की पाहा. "फ्लेक्सिबल" प्रकारात गिऱ्हाइकापासून त्यांच्यापर्यंतची वाट कुलूपबंद असते आणि त्यांच्यापासून तुमच्या सर्व्हरपर्यंतची उघडी. ब्राउझरला सगळे छान दिसते, गिऱ्हाइकाचा पत्ता मात्र निम्म्या वाटेवर उघडा फिरतो. तिथे "फुल स्ट्रिक्ट" हवे.

पैसे मोजणे केव्हा योग्य? एखादी सरकारी निविदा, बँक किंवा मोठा खरेदीदार लेखी अट घालतो की संस्थेचे नाव असलेले सर्टिफिकेट हवे, तेव्हा ओव्ही घ्यावे. भारतात ईमुद्रासारख्या संस्थेकडूनही ते मिळते. एखादे जुने यंत्र किंवा सॉफ्टवेअर आपोआप नूतनीकरण करूच शकत नसेल आणि बदलताही येत नसेल, तर फोनवर मदत देणारा विक्रेता कामाला येतो. मोठ्या कंपनीत शेकडो सर्टिफिकेटांचा हिशेब ठेवायचा असतो, तिथेही व्यवस्थापनाच्या सोयीचे पैसे देणे रास्त आहे. सर्टिफिकेटाबरोबर लाखो डॉलरची "हमी" लिहिलेली असते, तिला भुलू नका. ती तुमची साइट हॅक झाल्यास मिळणारी भरपाई नव्हे. संस्थेनेच चुकीच्या माणसाला दाखला दिला आणि त्यातून कोणाचे नुकसान झाले, अशा फार अरुंद प्रसंगापुरती ती असते. साइटच्या तळाशी चिकटवायचे "सुरक्षित" असे चित्र तर कोणीही कुठूनही उतरवून लावू शकते.

यजमानांच्या डोंगलबद्दल. त्यांचा प्रश्न अगदी वाजवी आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी किल्ल्यांच्या जोडीचे एकच शास्त्र आहे. पण डोंगलमधला दाखला माणसाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे त्याने निविदेवर केलेली सही ग्राह्य ठरते. वेबसाइटचा दाखला डोमेनचा असतो. डोंगलमधल्या दाखल्यावर तुमच्या डोमेनचे नाव नाही, सर्व्हर चालवण्याचा उद्देश त्यात नोंदलेला नाही, आणि त्यातली गुप्त किल्ली बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना आहे. तेव्हा ते साइटला लागणार नाही. आणि डोंगल किंवा त्याचा पिन साइट करणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आता तुम्ही काय करायचे. साइट करणाऱ्याला फोन करून विचारा, डोमेन कोणाच्या खात्यात आहे. तुमच्या नसेल तर हंगाम सुरू होण्याआधी ते तुमच्या खात्यात आणि तुमच्या ईमेलवर आणून घ्या. बाकी सगळे नंतर दुरुस्त करता येते, डोमेन हातचे गेले तर नावही गेले. मग विचारा, नूतनीकरण कोणते यंत्र करते आणि ते नापास झाले तर सूचना कोणाला जाते. तिथे तुमचा स्वतःचा नंबर किंवा ईमेल घालायला सांगा. गुप्त किल्ली कोणी ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर ती फुटली असे समजून नवी किल्ली आणि नवे सर्टिफिकेट काढायला लावा. फुकटचे असल्याने त्याला खर्च नाही. नूतनीकरणाची रंगीत तालीमही करता येते. सर्टबॉट हे नूतनीकरणाचे सॉफ्टवेअर वापरत असतील तर त्यात तशी सोयच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, पहिली पेटी भरण्याआधी, ती एकदा तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. हंगामात एखाद्याच गिऱ्हाइकाला इशारा दिसतो आणि बाकी कोणाला नाही असे झाले, तर आधी त्यांच्या फोनची तारीख विचारा. ती मागेपुढे झाली असेल तर चांगले सर्टिफिकेटही मुदतबाह्य दिसते.

त्याआधी आज संध्याकाळी एवढे करा. लॅपटॉपवर क्रोममध्ये तुमची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर टिचकी मारा आणि जोडणी सुरक्षित असल्याच्या ओळीतून सर्टिफिकेट उघडा. तिथे दाखला कोणी दिला आणि कोणत्या तारखेपर्यंत, असे दोन्ही दिसेल. क्रोम २०१८ पासून सर्टिफिकेट नसलेल्या साइटला "असुरक्षित" म्हणतो, आणि तरीही तुम्ही दोन हंगाम विक्री केली. म्हणजे होस्टिंगवाल्याने फुकटचे सर्टिफिकेट तिथे कधीच बसवले असण्याची शक्यता मोठी आहे. ते नाव आणि ती तारीख मला इथे कळवा, तोवर अठरा हजार देऊ नका.